फायटर माशाची फाटकी शेपटी: घरी आणल्यापासून नवे पर फुटेपर्यंत

मत्स्यालयाच्या दुकानात फायटर मासे प्लॅस्टिकच्या पेल्यांत किंवा मुठीएवढ्या पिशव्यांत ओळीने मांडलेले असतात. एखाद्याची शेपटी झालरीसारखी फाटलेली, एखाद्याच्या कडा कुरतडल्यासारख्या. कधी कीव येऊन तोच उचलला जातो, तर कधी धडधाकट म्हणून आणलेला मासा घरच्या उजेडात नीट दिसतो आणि धांदल उडते. दुकानदाराने सोबत निळ्या औषधाची बाटली दिलेली असते आणि बहुतेकांचा उपचार तिथूनच सुरू होतो. तो तिथून सुरू करू नये.

फायटरचे पर परत वाढतात. पराला आधार देणारे लवचिक काटे आणि त्यांच्यामधला पातळ पडदा, दोन्ही नव्याने तयार होतात. फक्त ते जिथून फुटतात ती अंगालगतची मुळं शाबूत हवीत. हे काम मासा स्वतः करतो. आपण त्याला कोमट, स्वच्छ आणि रोज सारखंच राहणारं पाणी पुरवायचं. औषध थोड्याच माशांना लागतं.

आधी नीट बघा

टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपा धरा, म्हणजे परांच्या कडा उठून दिसतात. काचेमागे आलेखाचा कागद लावून मासा आडवा आला की फोटो काढा. दर तिसऱ्या दिवशी असाच फोटो घेतला, की पर वाढतोय की आखूड होतोय हे चौकोन मोजून कळतं. नुसत्या नजरेवर विसंबलं तर काळजीपोटी रोजच ‘कालच्यापेक्षा वाईट’ वाटतं.

सरळ फाटलेल्या पराची चीर स्वच्छ असते, बहुधा काट्याला समांतर जाते आणि कडेचा रंग बाकी परासारखाच असतो. जाळीत अडकणं, प्लॅस्टिकच्या झाडाची टोकदार पानं, दुसऱ्या माशाने तोडणं ही त्याची नेहमीची कारणं. यावर औषध नसतं आणि लागतही नाही.

फिन रॉट, म्हणजे पर सडणं, वेगळं दिसतं. कड ओबडधोबड होते, काळपट, तपकिरी किंवा लालसर पडते आणि पर दिवसागणिक अंगाच्या दिशेने आखूड होत जातो. पाण्यात नेहमीच असणारे जिवाणू अशक्त माशाच्या परावर चढतात तेव्हा हे होतं. अमोनियाने भाजलेल्या कडाही काळ्या पडतात, त्यामुळे पाणी तपासल्याशिवाय निदान करू नका. काही माशांच्या परांना जन्मतःच काळी किनार असते. ती एकसारखी आणि गुळगुळीत असते, तिला रोग समजू नये.

रात्री झोपताना अख्खी असलेली शेपटी सकाळी अर्धचंद्राकृती घास घेतल्यासारखी दिसली, तर माशाने ती स्वतःच चावली आहे. हाफमूनसारख्या जड, रुंद शेपटीच्या माशांत हे बरंच आढळतं. याउलट क्राउनटेल जातीचे काटे पडद्याबाहेर आलेलेच असतात. तो फाटलेला नाही, तसाच आहे. कठीण पाण्यात त्या काट्यांची टोकं वळतात, तोही रोग नव्हे.

घाई करायची ती एकाच बाबतीत. पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा पट्टा किंवा तोंडाशी कापसासारखा थर दिसला आणि तो दिवसा-दोन दिवसांत पसरला, तर तो कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूसंसर्ग असू शकतो. तो उष्णतेत आणखी जोर धरतो, म्हणून अशा वेळी हीटरचं तापमान वाढवू नका.

घर तयार करणं

‘फायटर डबक्यात राहतो, बरणीत चालतो’ हा समज फार जुना आहे. या माशाचं मूळ घर थायलंडमधली भातखाचरं आणि संथ, उथळ पाणथळ जागा. पाणी उथळ खरं, पण ते लांबवर पसरलेलं, उबदार आणि झाडोऱ्याने भरलेलं असतं. फायटरच्या डोक्यात लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तग धरतो. अमोनियापासून मात्र हा अवयव त्याला वाचवू शकत नाही. लिटरभराच्या बरणीत माशाच्या स्वतःच्या विष्ठेचा अमोनिया लवकर चढतो आणि पर सडण्याची सुरुवात बहुतेकदा तिथेच होते.

४० सेंटीमीटर लांब, २५ रुंद आणि २५ उंच टाकीत २० सेंटीमीटरपर्यंत पाणी भरलं की बरोबर २० लिटर होतं. एका फायटरला एवढं पुरतं, आणि उथळ असल्याने अशक्त माशाला हवेसाठी फार वर यावं लागत नाही. टाकी लगेच मिळत नसेल तर १२ ते १५ लिटरचा नवा, झाकणाचा प्लॅस्टिक टब चालतो. साबण किंवा फिनाइल लागलेली जुनी बादली नको, कितीही धुतली तरी.

हीटर थर्मोस्टॅटचा, २० लिटरला ५० वॅटचा घ्या. हीटरवरच्या आकड्यावर भरवसा न ठेवता वेगळा थर्मामीटर लावा. पाणी २६ ते २७ अंश सेल्सिअस ठेवायचं. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा. गरम काच हवेत उघडी पडून गार पाणी लागलं की तडकते.

फिल्टर स्पंजचा, छोट्या हवेच्या पंपावर चालणारा घ्या आणि नळीला झडप लावून बुडबुडे कमी करा. मासा एका जागी थांबू शकत नसेल, सतत ढकलला जात असेल, तर प्रवाह जास्त आहे. तळाला वाळू-खडे सध्या नकोत. उघड्या तळावर विष्ठा आणि उरलेलं खाणं दिसतं आणि नळीने ओढून काढता येतं.

आत ठेवायच्या प्रत्येक वस्तूवरून जुना नायलॉनचा पायमोजा फिरवा. तो जिथे अडकेल तिथे शेपटीही अडकेल. प्लॅस्टिकची झाडं या परीक्षेत बहुतेकदा नापास होतात. अनुबियास, जावा फर्न ही खरी झाडं कमी उजेडात तगतात. घरातल्या मनी प्लांटचा वेल टाकीच्या कडेवर टेकवून फक्त मुळं पाण्यात सोडली तर ती नायट्रेट (अमोनियापासून शेवटी बनणारा क्षार) शोषतात. लपायला मातीची कुंडी आडवी ठेवणार असाल तर तिचं तळाचं भोक बुजवा. त्यातून निघायच्या प्रयत्नात मासे अडकतात.

झाकण हवंच, फायटर उडी मारतो. पाणी आणि झाकण यांच्यात चार-पाच सेंटीमीटर हवेची जागा ठेवा. त्याच खोलीत डासांचं लिक्विड मशीन, कॉइल किंवा झुरळांचा फवारा नको. डासांच्या औषधांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं असतात, ती माशांना अतिशय विषारी असतात, आणि हा मासा तर पृष्ठभागावरची हवाच घेतो.

पाणी

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणं ही पहिली पायरी. दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवर दिलेल्या मापानेच घाला. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत हवेचा पंप लावून २४ तास ठेवलं तरी साधं क्लोरीन निघून जातं. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की शुद्धीकरणात क्लोरीन अनेकदा वाढवलं जातं. त्या दिवसांत बादलीला वास येतोय का हे हुंगून पाहा. अँटी-क्लोरीन आणि निळं औषध या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही सारख्याच छोट्या बाटल्यांत मिळत असल्याने गल्लत होते, लेबल वाचा.

बोअरचं पाणी बहुधा कठीण असतं आणि त्याचा पीएच (पाण्याची आम्लता सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधला) ८ च्या आसपास असू शकतो. फायटर त्याला सरावतो, त्यामुळे पीएच खाली आणायची रसायनं घालू नका. रोज वरखाली होणारा पीएच स्थिर ८ पेक्षा वाईट. पण एक लक्षात ठेवा: पीएच ७ वरून ८ वर गेला, की एकूण अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. अमोनिया मोजायच्या किटवर तोच ०.५ आकडा बोअरच्या पाण्यात जास्त धोक्याचा असतो. घरच्या आरओ मशीनचं पाणी एकट्याने वापरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएच ढासळतो. निम्मं आरओ, निम्मं नळाचं असं मिश्रण चालतं.

अमोनिया मोजायचं थेंबांचं किट घ्याच. हीटरखालोखाल सगळ्यात उपयोगी खर्च हाच. अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियाचं नायट्रेट होताना मध्ये बनणारं द्रव्य) शून्य हवेत, नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरला २० मिलिग्रॅमच्या) खाली. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर ते काम तुमच्या बादलीने करायचं. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून आणा आणि ओलाच ठेवून आपल्या फिल्टरला जोडा. आठवड्यांचं काम दिवसांवर येतं.

माशाला सोडताना

क्रॉफर्ड मार्केटातून तासाभरात घरी आलेला मासा आणि बंद पिशवीत २४ तास प्रवास करून आलेला मासा, दोघांना एकाच पद्धतीने सोडायचं नसतं.

जवळून आणलेल्या माशासाठी:

१. खोलीतला उजेड कमी करा, टाकीचा दिवा बंद ठेवा.

२. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा.

३. पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं पाव कप पाणी आत घाला, असं पाच-सहा वेळा.

४. जाळी वापरू नका, फाटके काटे तिच्यात अडकतात. छोट्या पेल्याने मासा उचला, पेल्यातलं शक्य तेवढं पाणी ओतून टाका आणि पेला टाकीत बुडवून तिरपा करा.

५. पिशवीतलं पाणी टाकीत घालू नका. ते झाडांनाही न घालता थेट मोरीत ओता आणि हात धुवा.

लांबून आलेल्या माशाला हा पाव-पाव कपाचा सोपस्कार बाधू शकतो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवीतच तापमान जुळवा आणि उघडल्यावर पाच-दहा मिनिटांत माशाला पेल्याने टाकीत घ्या.

पहिले दहा दिवस

कॉलम्नॅरिसची शंका नसेल, तर या दहा दिवसांत औषध नाही. टाकीच्या तीन बाजूंना कागद लावा, म्हणजे माणसांची ये-जा आणि काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब दिसत नाही. सोबतीला दुसरा मासा नको, शेजारच्या टाकीत दुसरा फायटर दिसत असेल तर मध्ये पुठ्ठा लावा. दिवा रोज आठ तास पुरे.

२० लिटरच्या नव्या टाकीत एक दिवसाआड ६ लिटर पाणी बदला. १२ लिटरच्या टबात रोज ५ ते ६ लिटर. किटवर अमोनिया ०.२५ पीपीएमच्या वर दिसला तर वेळापत्रक विसरा, त्याच दिवशी निम्मं पाणी काढा. तळाची घाण हवेच्या पातळ नळीने ओढा, जाड नळीत शेपटी खेचली जाते. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीशी एका अंशाच्या फरकात जुळणारं हवं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून चांगलंच गरम पाणी येतं आणि जानेवारीच्या पहाटे बर्फागत. म्हणून पाणी आदल्या रात्रीच बादलीत भरून फडक्याने झाकून त्याच खोलीत ठेवा. थंडीत बदलायच्या वेळी थोडं गरम पाणी मिसळून थर्मामीटरने जुळवा.

यासोबत एक गोष्ट जरूर करण्यासारखी आहे आणि ती फुकट आहे. परदेशात मासे पाळणारे जी ‘इंडियन आल्मंड’ची पानं पाकिटातून विकत घेतात, ती आपल्याकडच्या देशी बदामाची, म्हणजे शाळेच्या आवारात आणि कोकणातल्या परसात पसरट फांद्यांनी उभं असतं त्या झाडाची. खायच्या बदामाशी त्याचा संबंध नाही. आपसूक गळलेली, लाल-तपकिरी पानं घ्या, हिरवी तोडू नका. रहदारीच्या रस्त्याकडेची काजळी बसलेली किंवा फवारणी झालेल्या आवारातली नकोत. धुऊन, सावलीत कडकडीत वाळवून, वापरण्याआधी दोन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवा. वितभर लांबीचं एक पान २० लिटरला पुरतं. पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो, तो टॅनिनचा. टॅनिन जिवाणू आणि बुरशीला सौम्यपणे रोखतं आणि अंधूक पाण्यात मासाही शांत राहतो. दोन-तीन आठवड्यांनी पान जाळीदार झालं की बदला. पान हे औषधाला पर्याय नाही, पण साध्या फाटलेल्या पराला याहून जास्त काही लागत नाही.

मीठ कधी, किती

दहा दिवस पाणी शून्य अमोनियावर राहूनही कड आखूड होत असेल, किंवा सडण्याची लक्षणं पहिल्या दिवसापासूनच स्पष्ट असतील, तर मीठ. आयोडीन आणि गुठळ्या न होण्याची भुकटी नसलेलं साधं जाडं मीठ घ्या. सैंधव नको, त्यात इतर खनिजं असतात. एप्सम सॉल्ट ही तर वेगळीच वस्तू आहे, ते मॅग्नेशियम सल्फेट. पोट फुगल्यावर वापरतात, परांसाठी नाही.

प्रमाण लिटरला १ ग्रॅम. चमच्याने न मोजता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा, जाड्या आणि बारीक मिठाच्या चमच्यात बराच फरक पडतो. १२ लिटरच्या टबाला १२ ग्रॅम: पहिल्या दिवशी ६, दुसऱ्या दिवशी ६, दोन्ही वेळा आधी पेलाभर पाण्यात पूर्ण विरघळवून. तीन दिवसांत फरक नसेल तर लिटरला २ ग्रॅमपर्यंत वाढवता येतं. सुरुवातीपासून मोजून जास्तीत जास्त दहा दिवस. मग बिनमिठाच्या पाण्याने बदलत जाऊन ते आपोआप उतरू द्या.

चूक होते ती पाणी बदलताना. मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही. ५ लिटर काढलं तर नव्या ५ लिटरपुरतंच, म्हणजे ५ ग्रॅम घालायचं. रोज पाणी बदलताना दर वेळी पूर्ण १२ ग्रॅम घातलं की आठवड्याभरात मीठ ठरवलेल्या प्रमाणाच्या दुपटीहून जास्त साठतं. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना मीठ अजिबात नाही. नाजूक झाडं आणि गोगलगायी या काळात बाहेर काढा.

औषधाची वेळ

मीठ आणि स्वच्छ पाणी असूनही सड अंगाजवळ पोचली, परांत लाल रेषा उमटल्या किंवा कॉलम्नॅरिसची शंका आली, तर जिवाणूविरोधी औषध लागतं. जलचरांचं कळणाऱ्या पशुवैद्याला आलेख-कागदावरचे फोटो आणि पाण्याचे आकडे दाखवा. माणसांच्या कॅप्सूल फोडून अंदाजाने घालू नका. डोस कमी पडला की जिवाणू मरत नाहीत, निगरगट्ट होतात.

निळं औषध म्हणजे बहुधा मिथिलीन ब्ल्यू. परावर कापसाचे झुपके आले असतील, तर त्या बुरशीवर ते उपयोगी आहे. पण ते फिल्टरमधल्या कामाच्या जिवाणूंनाही मारतं आणि सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे करतं, म्हणून फक्त वेगळ्या टबात वापरा. बाटलीवर घटक आणि प्रमाण छापलेलं नसेल तर ती उघडूच नका. एका वेळी एकच उपचार. मीठ, निळं औषध आणि आणखी काही एकत्र घातल्यावर मासा कशाने सुधारला किंवा कशाने मेला, काहीच कळत नाही. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर आधी काढा, तो औषध शोषून घेतो.

खवले उभे राहून मासा वरून अननसासारखा दिसू लागला, तर आजार आतल्या अवयवांपर्यंत गेला आहे आणि अशा वेळी मासा वाचण्याची शक्यता फार कमी असते.

खाणं

नवा मासा दोन-तीन दिवस खात नाही, हे नेहमीचं आहे. पर भरायला प्रथिनं लागतात, म्हणून फायटरसाठीच्या दाण्यांत पहिला घटक मासे, कोळंबी किंवा किडे आहे ना, ते बघा. गव्हाचं पीठ पहिलं असेल तर दुसरं पाकीट. एक मिलिमीटरचे दोन-तीन दाणे सकाळी, तेवढेच संध्याकाळी. पोट माशाच्या डोळ्याएवढंच धरून चला. आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), वितळवून आणि धुऊन. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल जंत) घाण पाण्यातून येतात, जखमी माशाला देऊ नका. डासांच्या अळ्या त्याला आवडतात, पण त्यासाठी गॅलरीत बादली भरून ठेवणं म्हणजे घरात डेंग्यूला आमंत्रण. पाच मिनिटांत न खाल्लेलं ड्रॉपरने काढून टाका.

नवा पर कसा दिसतो

पाणी सुधारल्यावर आठवड्याभरात कडेला काचेसारखी पारदर्शक किंवा दुधाळ पट्टी दिसू लागते. नवखे लोक तिलाच बुरशी समजून औषध ओततात. बुरशी झुपकेदार आणि पराबाहेर आलेली असते. नवी वाढ सपाट, पातळ आणि पराच्या रेषेतच असते. तिला रंग नंतर भरतो, कधी आधीपेक्षा वेगळा. लहान चीर दोन-तीन आठवड्यांत सांधते, अर्धी गेलेली शेपटी भरायला दोन-तीन महिने जातात. तरुण मासा लवकर भरतो, वयस्कर सावकाश. नवा पडदा फार नाजूक असतो, म्हणून याच काळात सजावट बदलू नका.

शेपटी चावणाऱ्या माशाची गोष्ट निराळी. प्रवाह आणखी कमी करा, तरंगती झाडं वाढवा, विश्रांतीला पृष्ठभागाजवळ रुंद पान द्या. एवढं करूनही काही हाफमून शेपटी भरत आली की पुन्हा चावतात, बहुधा तिचं वजन पेलत नाही म्हणून. पाणी स्वच्छ असेल तर चावलेल्या जागी सड धरत नाही आणि मासा आखूड शेपटीने मजेत जगतो.

ऋतू आणि वीज

मुंबई-कोकणात हीटर वर्षातले काही महिनेच चालतो. नाशिक-पुण्याच्या थंडीत तो नसेल तर पाणी रात्रीत २० च्या खाली येतं, माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि भरत आलेली कड पुन्हा सडते. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट संकट: पाणी ३२ च्या वर जातं. झाकणाच्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून पंख्याचा झोत पृष्ठभागावर सोडा, दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकू नका. वीज गेली तर एका माशाच्या टाकीत ऑक्सिजनची चिंता नाही, तो वरून हवा घेईल; थंडीत मात्र टाकीला चारही बाजूंनी थर्मोकोल आणि वर चादर लपेटा, आणि वीज येईपर्यंत खायला घालू नका.